तापलेला

रुवैस. पावणेबारा.
फोननं अंग टाकलं.
पडद्यावर एवढंच:
थंड होईपर्यंत बंद.

आत अडकलेत
इंजिनिअरला पाठवायचे परांचीचे चौदा फोटो,
काल पांघरुणात अर्ध्यावर सोडलेली
दापोलीची टेनिस-बॉलची मॅच,
आणि रुकय्याचा आवाज,
दोन मिनिटं अकरा सेकंद,
न ऐकलेला.

डब्याच्या पिशवीत,
गोठवलेल्या ताकाच्या बाटलीला टेकवून
रुमालात गुंडाळला त्याला,
ताप आलेल्या पोरासारखा.
तंगवेल वरून ओरडला,
"याला बरी लगेच सुट्टी!"
आमची साडेबाराला.

तिकडे घड्याळ दीड तास पुढे.
तिचं सांगून झालं,
जेवणं झाली,
भांडीसुद्धा पालथी पडली असतील.
बाटलीवरचं पाणी रुमालात उतरतंय.
चाचपून बघतो:
अजून कोमट.