शेवटच्या खांबावर एकशे साठ

चंद्रावती वेळीप डोक्यावरची लाकडी पेटी
माझ्या काउंटरवर उतरवते, म्हणते, बिघडलीय ही.
आत एकवीस खळगे, थर्मामीटर, कॉईल
आणि नासक्या अंड्यांचा वास.
दोन खेपा वाया गेल्या. कोंबडीसुद्धा असं करत नाही.

कुडचड्यात माझं दुकान, रेल्वे फाटकाच्या अलीकडे.
पूर्वी इथे खाणीतल्या पंपांच्या मोटारी यायच्या,
जळक्या वार्निशच्या, दोघांनी मिळून उचलायच्या.
आता मिक्सर येतात. टेबलफॅन.
आज ही पेटी.

प्लग लावतो. दोनशे तीस व्होल्ट.
काटा अर्ध्या अँपिअरवर जाऊन थांबतो.
इनास मेस्त सिगारेटचं पाकीट फाडून
आतल्या पांढऱ्या बाजूला लिहायचा: आधी भाग, मग गुण.
व्होल्टला अँपिअरनं भागलं, चारशे साठ ओहम. हा रोध.
व्होल्टला अँपिअरनं गुणलं, एकशे पंधरा वॅट. ही ऊब.
झाकणाच्या आतल्या पट्टीवरही तेच छापलंय.
बाय, हिला काही झालेलं नाही.
पोराला ताप नाही म्हणणाऱ्या डॉक्टरकडे बघावं
तशी ती बघते.

म्हणून मी वर गेलो. नेत्रावळीपर्यंत बस,
पुढे तिच्या भाच्याची मोटरसायकल,
आणि बाजूनं तार, काजूंतून, किंदळांच्या गर्दीतून,
एकेका खांबाला थोडे थोडे व्होल्ट सांडत.
तारेलाही रोध असतो.
सगळी घरं दिवे लावतात
तेव्हा ती वाटेतच आपला वाटा काढून घेते.
चंद्रावतीचं घर शेवटच्या खांबाला.

रात्री आठ. एकशे साठ व्होल्ट.
पॉइंट पस्तीस अँपिअर.
भागाकार जवळजवळ तोच; कॉईल जशीच्या तशी.
गुणाकार छप्पन्न.
दाब तिसऱ्या हिश्शाएवढाही उतरला नव्हता
आणि ऊब निम्म्याच्या खाली.
असं कसं, ती म्हणाली, कागदावर दाखव.
दाखवलं: दाब घटला की प्रवाहही घटतो,
गुणताना दोघेही एकदम कमी पडतात.
चुलीपाशी बसून तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
म्हणजे काजूचा भाव पडावा
आणि त्याच वर्षी पीकही कमी यावं, तसं.
तसंच, मी म्हटलं. मला हे इतकं सोपं सुचलं नसतं.

दुसरी कॉईल जोडली, पहिलीच्या शेजारी, तेवढ्याच रोधाची.
अडवणारे दोन झाले आणि अडवणं निम्मं झालं.
मीही एकदा मेस्ताकडे यावर हुज्जत घातली होती.
नोव्हेना सुटल्यावर चर्चच्या दाराशी उभा राहा, तो म्हणाला,
आणि मग कुणीतरी दुसरं दार उघडेपर्यंत थांब.
दोनशे तीस ओहम. एकशे अकरा वॅट.
थर्मामीटर चढू लागला.

पण पहाटे गाव झोपलेलं, तार मोकळी, व्होल्ट पुन्हा भरून येतात.
दोन्ही कॉईल चालू राहिल्या तर दोनशे तीस वॅट,
अंडी उकडतील. या पेटीला
आपणहून थांबता येत नाही.
म्हणून एक स्विच बसवला, माझा जुना मीटर तिथेच ठेवला,
आणि म्हटलं, जागावं लागेल.
ती हसली. कोंबडी काय झोपते?

बाविसाव्या दिवशी आली. पेटी नाही, वही.
तारीख, वेळ, व्होल्ट, अँपिअर,
आणि शेवटच्या रकान्यात वॅट, रोज तिनंच काढलेले.
अकराव्या रात्रीपुढे फक्त: लाईट नाही. गोधडी.
एकवीसपैकी तेरा, ती म्हणाली,
आणि वही माझ्यापुढे सरकवली. तपास.

मी तपासली. विसाव्या रात्री, साडेनऊ,
एकशे अडुसष्ट गुणिले पॉइंट त्र्याहत्तर:
एकशे तेवीसच्या जागी एकशे तेहेतीस.
हातचा चुकला होता. मी पेनचं टोपण काढलं.
राहू दे, ती म्हणाली,
तो आकडा लिहितानाच आतून पहिली चोच वाजली.