शिरढोणची सही

उद्यमनगरात दुसरी पाळी सुटल्यावर
उरलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून
मी लेथवर डबी काढतो.
अंगठ्याएवढी. आटे बारीक, झाकणाखाली रबरी ओ-रिंग,
आत गुंडाळलेली कागदाची पट्टी, सहीपुरती.
मालक विचारतात, कुठल्या पार्टीचं काम?
म्हणतो, घरचंच.

डबी लपवायची, जागेचे आकडे जाहीर करायचे,
इतके अंश उत्तर, इतके पूर्व,
मग कुणीतरी येतं, हातात फोन धरून वाकतं
सुट्टे पैसे पडल्यासारखं.
एवढाच खेळ.
पण ह्याच्यावरनं आमच्यात जी जुंपते
तेवढी खासबागेत जुंपत नाही.

दस्तगीर मुजावरच्या तेराशे बारा झाल्या.
इंजिन चालू ठेवून उतरतो, सही ठोकतो, चढतो.
एका रविवारी कागलपर्यंत एकेचाळीस.
"आकडा खोटं बोलत नाही, भावा.
तुमचं ते निसर्गबिसर्ग कशानं मोजू?"

वणकुद्रे बाई भूगोलाच्या.
त्यांना डबी नको, डबीचं कारण पायजे.
शाहूपुरीत ट्रान्सफॉर्मरच्या मागं लपवलेली सापडली
तेव्हा पट्टीवर लिहून आल्या :
सापडली. पण इथं का?

आवटी मोजणी खात्यातनं रिटायर.
त्यांची डबी सरळ मिळतच नाही.
आधी वीरगळांवरचे घोडे मोजा,
सातानं भागा, बाकी उलटी लिहा.
चार वर्षांत दोघं पोचले.
"दोन म्हणजे गर्दीच की," म्हणतात, आणि खूश असतात.

दस्तगीरची अल्फिया सहीच करत नाही.
मोठ्या डब्यात खोडरबर ठेवते, गोटी घेते.
व्यवहार चोख.

आणि मी?
मला शोधायला फारसं आवडत नाही.
शेवटचा आटा बसताना एक बारीक आवाज येतो,
तो.

त्या पावसाळ्यात पंचगंगा वर आली
आणि राजाराम बंधाऱ्याजवळची सतरा नंबर गेली.
पाणी उतरल्यावर बघायला गेलो,
जिच्याखाली ठेवली होती ती शिळाच नव्हती.
गेली म्हणून लिहून टाकलं.

दिवाळीच्या आधी दुधाच्या टँकरवाल्यानं
वर्कशॉपवर एक पुडी आणून दिली.
पट्टीच्या कोपऱ्यात पत्ता होता माझा.
डबी चेपलेली. पट्टी कोरडी.
शेवटच्या सहीखाली निळ्या पेनानं :
"मी काय हे शोधत नव्हतो. नदीकाठची मोटर शोधत होतो.
ती गावली नाही. गाळात ही गावली. सही करा म्हणलंय म्हणून करतो.
दादू अंबी, शिरढोण."

गंगावेशीत, दूधकट्ट्यावर, ग्लासं हातात घेऊन
रात्री साडेदहापर्यंत वाद.
दस्तगीर म्हणाला, चाळीसेक किलोमीटर चुकलंय, धरायचं नाही.
बाई म्हणाल्या, मला विचाराल तर हीच एक खरी,
बाकी सगळ्यांनी पट्ट्या भरल्या नुसत्या.
आवटींनी पावतीच्या पाठीवर
पाण्याचा वेग मांडायला घेतला,
"कोडं चांगलं आहे. मी घातलेलं नाही एवढंच."
दस्तगीर चिडला. बाई जास्त चिडल्या.
मी डबीचा आटा फिरवून बघत होतो,
दीड फेऱ्यांवर अडकत होता.

अल्फियानं मिशीवरची साय पुसली.
"मग त्यांची मोटर गावली का?"

म्हशीनं शेपूट हलवलं.
पावतीवरचं गणित तिथंच थांबलं.
अंबींचा फोन नंबर
आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता.

रविवारी दस्तगीरनं गाडी काढली.
अंश नाहीत, मिनिटं नाहीत, नुसतं गावाचं नाव.
बाई मागं बसल्या, खिडकीशी.
आवटींनी लोखंड शोधायचं चुंबक आणलं होतं, दोरीसकट.
इचलकरंजी येईपर्यंत त्यांचं परत सुरू झालं,
धरायचं की नाही.
मी काही बोललो नाही.
खिशात सतरा नंबर होती, आटे सरळ केलेली,
नवी ओ-रिंग घातलेली.