ढालकिडे

लोक म्हणत, बोंदऱ्याचं वावर म्हणजे आळशाचं वावर.
गवत कमरेएवढं, संत्र्याची झाडं त्यात बुडालेली,
आन हा धुऱ्यावर उकिडवा, मूठभर माती हुंगत.
चाळीस वर्सं नांगर नाही, फवारा नाही.
कळमेश्वरचा दुकानदार मले रस्त्यात विचारे,
"काकू, मालक अजून देवाच्याच भरवशावर?"

ज्या वर्सी कोळशी आली,
पानं तव्याच्या बुडावानी काळी झाली,
हा म्हणे, थांब. ढालकिडे येतील.
मी थांबली.
पोरीच्या फीची तारीख थांबली नाही.

तो भिवापूरले मिरचीचं बी आणाले गेला
तवा मी नाल्याकाठची सात झाडं फवारली,
पदर नाकाले बांधून, चोरावानी.
कळमन्याले तेवढाच माल उठला.
फी भरली. उरल्या पैशात
सीताबर्डीवरून त्याले चष्मा घेतला.

त्याच चष्म्यानं तो पुढची अकरा वर्सं
पानाखालचे ढालकिडे मोजत होता.
आले होते ते. खरंच आले होते,
उशिरा.

आता तो नाही.
त्या सात झाडांखाली
मी अजून जेवाले बसत नाही.
गवत मात्र
कापू देत नाही कोणाले.