फक्कीची पोती

कॉलेजच्या रजिस्टरात सीझनचा हिशेब गोलांमध्ये लिहिलाय,
माझ्याकडे तो पोत्यांमध्ये आहे.
ऑगस्ट ते डिसेंबर, फक्कीची साडेनऊ पोती.
उरलेलं अर्धं शेडमध्ये पडलंय,
दगड झालाय त्याचा.

गंगापूर रोडला, वसतिगृहामागे,
वर्षातले आठ महिने क्रिकेटवाल्यांची मालकी.
फुटबॉलला मैदान मिळत नाही, उसनं मिळतं.
दर शनिवारी संध्याकाळी मी रेघा ओढायचो
आणि सोमवारी रोलर फिरला की
आम्ही तिथे नव्हतोच.

पोरं कुठून कुठून यायची.
मुज्तबा कोकणी दूधबाजारातून, सायकलचे हात सोडून.
सायमन पारखे देवळाली कॅम्पचा,
बापाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.
पगार सातपूरची रात्रपाळी उरकून सरळ गोलात उभा राहायचा
आणि बॉल लांब असला की जांभई द्यायचा.
हिरामण भोये हरसूलचा.
त्याला बूट सोसायचेच नाहीत.
"पाय झाक रे!" धात्रक सर ओरडायचे.
तो झाकायचा, अर्ध्या वेगाने पळायचा,
तरी कुणाच्या हाती लागायचा नाही.

मला ऑफसाइड अजून कळत नाही.
गवत कळतं.
डाव्या कडेचं ऑक्टोबरातच संपलं, तो हिरामण.
मधल्या वर्तुळाशी टाचेचे खड्डे,
तिथे सायमन नुसता वळतो, पास देत नाही.

निफाडकडून चार खाल्ले.
त्या दिवशी मिसळ खाताना
पगारने कुणाकडे वर पाहिलं नाही,
तर्री मात्र तीनदा मागितली.
सिन्नरशी बरोबरी.
मनमाडला जिंकले, आणि परतीच्या एसटीत एवढा दंगा
की कंडक्टर म्हणाला, चांदवडला उतरवीन सगळ्यांना.
मग नुसतं जिंकतच सुटले.
का, ते सरांनाही सांगता येईना.

सेमीफायनल आपल्याच मैदानावर.
डिसेंबरची थंडी, नदीकडून धुकं,
माझ्या रेघा मलाच दिसत नव्हत्या.
एक गोल खाल्लेला, नऊ मिनिटं उरलेली,
आणि पेनल्टी.
हिरामणने बॉल ठेवला. परत उचलला. परत ठेवला.
बॉल आडव्या दांडीला लागला.
तो आवाज वसतिगृहाच्या भिंतीवरून परत आला,
म्हणजे मी दोनदा ऐकला.

जानेवारीत धावण्याच्या शर्यतींसाठी पोलादी टेप आली.
कुणी सांगितलं नव्हतं, मीच लावली.
पूर्वेचा ठिपका गोलापासून बरोबर अकरा मीटर.
पश्चिमेचा अकरा मीटर
आणि वर एक वीत चार बोटं.
माझी मापाची दोरी उंदरांनी कुरतडली होती.
पूर्वेची बाजू मारून झालेली,
अंधार पडत होता,
मखमलाबादच्या मेव्हण्याच्या द्राक्षबागेतली सुतळी
मी मध्ये जोडली, अंदाजाने.

वीतभराने दांडी चुकली असती की नाही
हे कुठल्या मास्तरला विचारू?
सरांना नाही सांगितलं. बायकोला सांगितलं,
ती म्हणाली, जेवून घ्या.

परवा हिरामण आला.
अंबडला कंपनीत लागलाय, पाठीमागे तांदळाचं पोतं, गावी निघालेला.
मैदानावर क्रिकेट चाललं होतं.
मी त्याला शेडमध्ये नेलं, दोरी दाखवली,
जोडलेली गाठ दाखवली, सगळं सांगितलं.
त्याने गाठ अंगठ्याने दाबून बघितली.
खूप वेळ.
मग म्हणाला, "मामा, ही लागते का तुम्हाला आता?"
"नाही."
त्याने तिने पोतं गाडीला आवळलं,
दोन वेढे मारून, टोक दातात धरून,
आणि किक मारली.

त्र्यंबक रस्त्याला लागेपर्यंत बघत होतो.
गाठ सुटली नाही.