मधला आकडा

नाना पेठेत माझं रेडियमचं दुकान.
दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, एक कटर.
सुमेध आकडे शिकला ते इथंच,
फरशीवर पडलेल्या तुकड्यांवरून:
पोट कापलेला आठ,
डोकं उडालेला नऊ.

केमोला जाताना रिक्षात आमचा खेळ असतो.
पुढच्या गाडीचा नंबर आधी वाचेल तो जिंकला.
हरतो मीच. मुद्दाम,
आणि कधीकधी खरंच.

त्या मंगळवारी लकडी पुलावर
एका टेम्पोमागं अडकलो.
"चार, एक… सात."
मधला आकडा?
"मधे काय नाहीये बाबा. खोडलंय कुणीतरी."

प्लेट माझ्याच हातची होती.
चार एक नऊ सात, ढळढळीत, पिवळ्यावर काळं.
नीट बघ, म्हटलं.
दोनदा म्हटलं.
दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात,
तो आवाज अजून खाली उतरलेला नाही.

करंदीकर बाईंनी थेंब घातले,
अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसवलं,
मग पडद्यावर त्याच्या डोळ्याच्या आतलं दाखवलं.
नारिंगी गोल. त्यावर लाल ठिपके,
काहींच्या पोटात पांढरा टिपका.
मला आधी वाटलं, रिफ्लेक्टर.
धंद्याची सवय.

प्लेटलेट उतरल्यात, रक्त झिरपलंय,
नेमकं नजरेच्या मध्यावर. दोन्हीकडे.
मग हा बोलला का नाही इतके दिवस?
मुलं सांगत नाहीत हो, बाई म्हणाल्या,
त्यांना वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं.

काउंट वर आले की शोषलं जाईल. बहुतेक.

वीस वर्षं अक्षरं कापतोय.
'आईचा आशीर्वाद' शेकड्यानं कापलं,
'बघतोस काय रागानं' कापलं,
'बहुतेक' कुणी गाडीवर लावत नाही.

आता सुमेधनं आपली आपण एक युक्ती काढलीय.
जे बघायचं त्याच्या जरा शेजारी बघायचं.
दरवाजा हवा तर खिडकी,
इडली हवी तर ताटाचा काठ.
रात्री वॉर्डात नर्स दिवा बारीक करून गेली
की माझ्या डाव्या कानाला विचारतो,
"हसतोयस का रे बाबा?"

मी हसतो.
मग राहवत नाही, जरा सरकतो,
त्याच्या नजरेसमोर येण्यासाठी,
आणि नेमका तिथंच
खोडला जातो.