एकतीस मार्च, रात्री पावणेबारा

आज उपकोषागार बारापर्यंत उघडं.
बाहेर ठेकेदारांच्या गाड्या, त्यांच्या टपांवर पतेऱ्याचा सडा,
आणि भरती धक्क्याच्या चौथ्या पायरीला लागलेली.
तिला आर्थिक वर्ष माहीत नाही.

एकतीस वर्षं मी या खिडकीत बसते.
माझ्याकडे दोन शिक्के आहेत:
अदा करावे,
आणि आक्षेपित, परत.

हेलिपॅडचं बिल मी याच हाताने पास केलं.
साहेब माघात आले होते, जेटीच्या भूमिपूजनाला,
बारा मिनिटांसाठी.
पहिला नारळ नासका निघाला, दुसरा आणला.
त्या दुसऱ्याचीही पावती आहे, नग एक.
निधी कमी पडू देणार नाही, म्हणाले,
आणि शब्द पाळला.
जेटीचं लेखाशीर्ष तेवढं अजून उघडलेलं नाही.

पास्कू लोबोचं बिलसुद्धा आलं होतं.
शाळेची सतरा पोरं, खाडीपार, दहा महिने.
पहिल्यांदा तिकीट नव्हतं.
दुसऱ्यांदा तिकीट होतं, मुख्याध्यापकांची सही तिकिटाच्या बाहेर गेली होती.
तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं,
तरतूद नव्हती.
मीच परत पाठवलं.
लाल शाईने, सुवाच्य अक्षरात.

दुपारी द्रुपदी खवळे पायरीवर टोपली घेऊन बसली होती.
तिला मी पेपरातला आकडा वाचून दाखवला:
राज्यावर इतकं कर्ज, म्हणजे दरडोई इतकं,
तुझ्याही डोक्यावर, द्रुपदे.
तिने चुंबळ काढली, केस चाचपले.
"माज्या टाळक्यार? हय तर बांगडेच होते.
मियां कधी काढलंय? आंगटो खंय मारलंय?"
मग बर्फ हलवत, माझ्याकडे न बघता:
"माज्या दिरान इंजनाक कर्ज काढल्यान,
तर इंजनाचो आवाज तरी येता पहाटे.
ह्या कर्जाचो आवाज खंय ऐकाचो?"

मी काही बोलले नाही. ऑफिसात परत आले.
आता आठवतंय,
आवाज आला होता, द्रुपदे. माघात, बारा मिनिटं.
तुझी वाळत घातलेली सुकट
चटईवरून उडून पार माडांत गेली होती.

कर्ज काढू नये असं मी म्हणणार नाही.
खारबंधारा कर्जावरच बांधलाय, माझ्या जन्माआधी.
हप्ते फिटले, बांधणारे मेले,
आणि बंधाऱ्याच्या आत अजून भात पिकतं.
तेव्हाही कुणी तरी सही केली असेल,
कुणी तरी नारळही फोडला असेल.
एकच पुरला असावा.

व्याजाचं बिल मात्र मी कधी परत पाठवलेलं नाही.
त्याला तिकीट लागत नाही, रांग लागत नाही.
भारित खर्च म्हणतात त्याला,
त्यावर सभागृहातसुद्धा मत घेत नाहीत.
आधी ते जेवतं. मग उरलेल्यात
औषधं, शाळा, वीज, होडी
ताटं घेऊन बसतात.

बारा वाजले. खिडकी लावली.
जे खर्चलं नाही ते व्यपगत झालं,
सरकारी भाषेत मरणाला असाच शब्द आहे.

धक्क्यावर पास्कू थांबलेला. कंदील नाही,
मोबाइलची बॅटरी दातांत धरलेली.
मी दहाची नोट पुढे केली.
"सुटे नाय, बाय. ऱ्हवांदे. माज्या ध्यानात असतला."
एवढंच बोलला.
बिलाबद्दल विचारलं असतं तर बरं झालं असतं.

खाडीच्या मध्यावर, सवयीने,
मी मनात भागाकार मांडला.
दरडोई.
होडीत डोकी दोन.
वल्हं एकाच्याच हातात.