अंड्यापुरतं

टॉडमॉर्डनच्या मार्केट हॉलमध्ये,
चीजवाला आणि चपलांना टाचा लावणारा यांच्या मध्ये
ग्रीनवुडचं भांड्यांचं दुकान आहे.
मंगळवारी ते बंद असतं, हे मला मंगळवारी कळलं.
बुधवारी परत गेले.

अंडी पोच करायचं पॅन हवं, म्हटलं.
(आमच्याकडे पोच म्हणजे भांड्याला आलेला खड्डा,
नाहीतर पत्र मिळाल्याची पावती.)
त्याने एकेक काढून मांडलं:
ॲल्युमिनियमचं, हलकं, लग्नात वाटतात तसलं;
काळं नॉनस्टिक, ज्याच्या वाट्या सांडशीशिवाय निघत नाहीत;
हिरव्या सिलिकॉनच्या दोन होड्या,
कुठल्याही पातेल्यात सोडाव्यात अशा;
आणि एक स्टीलचं, जड बुडाचं, काचेच्या झाकणाचं,
आत चार वाट्या, मधोमध उचलायला कडी.

मी झाकणं उघडून बघत राहिले,
वाट्या नखाने वाजवून पाहिल्या.
शेवटी त्यालाच दया आली.
"खरं सांगू? याची गरजच नसते.
कुठलंही पातेलं घ्या, पाण्यात चमचाभर व्हिनेगर,
एक भोवरा करा, त्यात अंडं सोडा.
एका कामासाठी एक भांडं, नुसती जागा अडते."

कुठलंही पातेलं.
त्याला काय सांगू,
की बाकी सगळं चालेल,
'कुठलंही' तेवढं चालणार नाही.

कुरुंदवाडला आमचं अंड्याचं भांडं
परसात शेवग्याला टांगलेलं असायचं,
पोचे आलेलं, एक कान तुटलेलं.
त्याला नाव नव्हतं. नुसतं 'ते'.
रविवारी वडील वातीचा स्टो बाहेर नेत,
पाणी उकळेपर्यंत पायरीवर पेपर वाचत.
मथुआत्या मागचं दार हळूच लोटून घेई,
कडी मात्र वाजवून लावी.

ती आता माझ्याकडे असते. ब्याऐंशीची.
नोव्हेंबरात खुबा मोडला.
हॅलिफॅक्सच्या डॉक्टरबाईंनी लिहून दिलं: प्रोटीन. रोज. अंडी.
तीन दिवस तो कागद तिच्या चष्म्याच्या घरात होता.
चौथ्या दिवशी म्हणाली,
"औषध म्हणून घेईन. पण भांडं वेगळं हवं."

तेव्हा ग्रीनवुडसाहेब, होड्या नकोत,
त्या आमटीच्या पातेल्यात जातील.
एका कामाचं, जन्मभर एकाच कामाचं,
जागा अडवणारंच द्या.

स्टीलचं घेतलं. बत्तीस पौंड.

घरी आत्याने झाकण उचलून पाहिलं.
खाली पाणी, वर वाट्या, मध्ये वाफेला वाट.
"मोदकपात्रच की हे," म्हणाली,
आणि लगेच, स्वतःलाच, "नाही."

पहिलं अंडं तिने
खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत खाल्लं.
कसं लागलं, मी विचारलं नाही.
वाटीच्या कडेला चिकटलेलं पांढरं
तिने चमच्याने खरवडून घेतलं,
तेवढं दिसलं.

झालं की पॅन घासून बाहेर,
मागच्या दाराशी, गमबुटांशेजारी, पालथं.
नियम तिचाच. घासायचं मी.

जानेवारीत एका रात्री बर्फ पडला.
सकाळी खाली आले तर मागचं दार सताड उघडं,
वॉकर उंबऱ्याला टेकलेला,
आणि मथुआत्या माझ्या नवऱ्याच्या कोटात,
काठीच्या मुठीने पॅनची दांडी
इंच इंच आत ओढत होती.
मी उचलून दिलं. तिने कोटाच्या बाहीने बर्फ पुसला.

"राहू दे आता आत. हाताला चिकटतंय थंडीने."

मग ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिली,
जागा शोधत.
"माझ्या चहाच्या भांड्याजवळ मात्र नको त्याला."